आफ्रिकेचा भूगोल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आफ्रिका म्हटलं की वाळवंट, घनदाट जंगल आणि सिंह, एवढ्यावर बहुतेकांची गाडी थांबते. शाळकरी मुलं, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे, सफारीला निघालेले आणि नैरोबीत किंवा दार-ए-सलामला नातेवाईक असलेले लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र घेतले आहेत. वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवावी. आफ्रिका हा मुख्यतः पठारांचा खंड आहे, आणि एखादं ठिकाण विषुववृत्तापासून किती लांब आहे याइतकंच ते समुद्रसपाटीपासून किती वर आहे हेही तिथे महत्त्वाचं ठरतं.

नकाशात ग्रीनलंड जवळजवळ आफ्रिकेएवढं दिसतं. खरंच तेवढं आहे का?

अजिबात नाही. आफ्रिकेचं क्षेत्रफळ सुमारे ३ कोटी ३ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे पृथ्वीवरच्या एकूण जमिनीचा पाचवा हिस्सा. त्यात भारत नऊ वेळा बसतो आणि ग्रीनलंड चौदा वेळा. भिंतीवरचे बरेच नकाशे मर्केटरच्या पद्धतीने काढलेले असतात. त्यात ध्रुवांकडचे प्रदेश फुगतात आणि विषुववृत्ताजवळचे त्या मानाने लहान दिसतात. शाळेत नकाशाऐवजी पृथ्वीगोल दाखवला तर हा घोळ होणार नाही.

कर्कवृत्त, विषुववृत्त आणि मकरवृत्त तिन्ही आफ्रिकेतून जातात. त्याने काय फरक पडतो?

हवामानाचे पट्टे मध्यावरून दोन्हीकडे जवळपास सारख्या क्रमाने येतात. मध्यावर काँगोचं सदाहरित जंगल. तिथून उत्तरेला गेलं की गवताळ सॅव्हाना, मग कोरडं साहेल, मग सहारा आणि अगदी टोकाला भूमध्य सागराचा किनारा. दक्षिणेलाही सॅव्हाना, मग कालाहारी आणि नामिब, आणि शेवटी केप टाउन. त्यामुळे अल्जीअर्स आणि केप टाउन ही दोन टोकाची शहरं हजारो किलोमीटर लांब असूनही दोन्हीकडे पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो. फक्त एकाचा हिवाळा डिसेंबरात, तर दुसऱ्याचा जूनमध्ये.

केप टाउनच्या आसपास फिनबॉस नावाची झुडपी वनस्पती आहे. या एवढ्याशा कोपऱ्यात सुमारे ९,००० जातींच्या वनस्पती आहेत आणि त्यातल्या दोन तृतीयांशांहून अधिक जगात दुसरीकडे कुठेही आपोआप उगवत नाहीत.

नैरोबी विषुववृत्ताला इतकं जवळ, मग जुलैमध्ये तिथे स्वेटर का लागतो?

कारण नैरोबी कळसूबाईच्या शिखरापेक्षा उंचावर आहे. कळसूबाई १,६४६ मीटर, आणि नैरोबी शहर सुमारे १,८०० मीटर. आदिस अबाबा त्याहूनही वर, २,३०० मीटरच्या पुढे. तिकडे दक्षिणेत जोहान्सबर्ग १,७५० मीटरच्या आसपास आहे. लेसोथो या छोट्या देशाची तर सर्वांत खालची जागाही १,४०० मीटरवर आहे, म्हणजे महाबळेश्वर त्या देशात तळाला गेलं असतं.

काँगोपासून लाल समुद्राकडे एक तिरकी रेघ ओढली, तर तिच्या पूर्वेचा आणि दक्षिणेचा भाग बहुतांशी उंच पठारी आहे आणि वायव्येकडचा त्या मानाने सखल. पठाराची कड पुष्कळ ठिकाणी किनाऱ्याजवळ येऊन एकदम तुटते, त्यामुळे नद्या समुद्राला मिळण्याआधी धबधब्यांतून आणि खळाळांतून खाली उतरतात. समुद्रातून बोट घेऊन थेट आत शिरावं अशा नद्या म्हणूनच फार थोड्या.

सह्याद्रीसारखं तिकडे काही आहे का?

आहे, आणि साम्य वरवरचं नाही. दक्षिण आफ्रिका आणि लेसोथोच्या सीमेवरचा ड्रॅकेन्सबर्ग हा डोंगर नव्हेच. सह्याद्रीप्रमाणे तीही पठाराची तुटलेली कड आहे. वरचा थर लाव्हाच्या काळ्या कातळाचा, सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीचा. आपला दख्खनचा कातळ त्या मानाने तरुण, साधारण ६.६ कोटी वर्षांचा. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर उभं राहिलेल्याला तिथला कडा ओळखीचा वाटेल, फक्त सगळं दुपटीने मोठं. तिथलं सर्वोच्च शिखर थाबाना न्त्लेन्याना ३,४८२ मीटर आहे आणि हिवाळ्यात त्यावर बर्फ पडतो.

नद्यांचीही तीच गंमत. गोदावरी त्र्यंबकेश्वरला, अरबी समुद्राच्या इतकी जवळ उगम पावते आणि पाठ फिरवून बंगालच्या उपसागराकडे निघते. लेसोथोत उगम पावणारी ऑरेंज नदीही जवळचा हिंदी महासागर सोडून सगळा खंड ओलांडत अटलांटिकला मिळते. पश्चिम आफ्रिकेतली नायजर तर आणखी हट्टी. गिनीच्या डोंगरात अटलांटिकपासून अवघ्या २४० किलोमीटरवर ती निघते, ईशान्येला थेट सहाराच्या तोंडाशी जाते, टिंबक्टूपाशी पूर्वेकडे वळते आणि ४,१८० किलोमीटरचा वळसा घालून पुन्हा अटलांटिकलाच मिळते.

आफ्रिका खरंच दुभंगते आहे का? व्हॉट्सॲपवर भेगेचे फोटो येतात.

दुभंगते आहे, पण ते फोटो बहुधा चुकीचे असतात. सर्वांत जास्त फिरलेला फोटो २०१८च्या मार्चमधला, केनियातल्या सुस्वा भागातला. तिथे रस्ता खचला होता. मुसळधार पावसाने जमिनीतली भुसभुशीत ज्वालामुखीय राख वाहून गेल्यामुळे ती घळ उघडी पडली, असं बहुतेक भूवैज्ञानिकांचं मत पडलं. खंड एका रात्रीत फाटत नाही.

खरी खचदरी इथिओपियाच्या अफार भागापासून मोझांबिकपर्यंत हजारो किलोमीटर पसरलेली आहे. पूर्वेकडचा तुकडा पश्चिमेकडच्यापासून वर्षाला काही मिलिमीटर एवढ्या वेगाने दूर सरकतो आहे. मधली जमीन खचते, कडा वर उचलल्या जातात, भेगांतून लाव्हा वर येतो. समुद्र आत शिरायला अजून लाखो-कोटी वर्षं आहेत. अपवाद म्हणून २००५ साली अफारमध्ये जे घडलं ते सांगायला हवं. सप्टेंबरात काही दिवसांत तिथे सुमारे ६० किलोमीटर लांबीच्या पट्ट्यात जमिनीखाली लाव्हा घुसला आणि दोन बाजू काही ठिकाणी ८ मीटरपर्यंत एकमेकींपासून सरकल्या. एरवी ज्याला शतकं लागतात ते काम एका झटक्यात झालं.

याच भागात जिबूतीमधलं असाल सरोवर आहे. ते समुद्रसपाटीच्या १५५ मीटर खाली आहे आणि समुद्रापेक्षा कितीतरी पटीने खारट आहे. काठावर मिठाचे पांढरे थर साचतात आणि ते मीठ उंटांवर लादून नेण्याची पद्धत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे.

व्हिक्टोरिया मोठं की टांगानिका?

पसाऱ्याने व्हिक्टोरिया, पाण्याने टांगानिका. व्हिक्टोरिया सरोवर सुमारे ६८,८०० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या पाचव्या हिश्श्याहून मोठं, पण कमाल खोली जेमतेम ८० मीटर. ते खचदरीत नाही. खचदरीच्या पूर्व आणि पश्चिम शाखांच्या मध्ये जो उथळ खोलगट भाग उरला, त्यात ते साठलं आहे. टांगानिका मात्र थेट खचदरीत आहे. अरुंद, लांबोडकं आणि १,४७० मीटर खोल. जगात त्याहून खोल सरोवर फक्त बैकाल. टांगानिकाचा तळ समुद्रसपाटीच्याही सुमारे ७०० मीटर खाली जातो.

उथळपणाचे परिणाम असतात. सुमारे १५ ते १७ हजार वर्षांपूर्वी व्हिक्टोरिया जवळपास पूर्ण आटलं होतं. नंतर ते पुन्हा भरलं आणि त्यात सिक्लिड माशांच्या ५००हून अधिक जाती उत्क्रांत झाल्या. भूवैज्ञानिक हिशेबाने हा काळ डोळ्याची पापणी लवण्याएवढा. मग १९५०च्या दशकात माणसाने त्यात नाईल पर्च हा मोठा शिकारी मासा सोडला आणि शेकडो जाती दिसेनाशा झाल्या. निर्यातीचा धंदा वाढला हे खरं, पण सौदा महागात पडला असंच म्हणावं लागेल.

किलिमांजारोवरचा बर्फ संपत आलाय का?

हो. १९१२ साली मोजला होता त्याच्या ८० टक्क्यांहून जास्त गेला आहे. वाढतं तापमान आणि हवेतला कमी झालेला ओलावा ही दोन्ही कारणं आहेत. मात्र पायथ्याच्या गावांना पाणी मुख्यतः या बर्फातून मिळतं हा समज चुकीचा आहे. ते येतं मधल्या जंगलाच्या पट्ट्यात अडणाऱ्या पावसातून आणि धुक्यातून, त्यामुळे तिथली झाडं तोडणं जास्त धोक्याचं.

५,८९५ मीटरचा हा पर्वत चढताना खाली केळी आणि कॉफी, मग ओलं जंगल, मग झुडपं, मग दगडांचं थंड वाळवंट आणि शेवटी बर्फ असा क्रम लागतो. ४,००० मीटरच्या आसपास जायंट ग्राउंडसेल नावाची विचित्र झाडं दिसतात. पुरुषभर उंचीचं किंवा त्याहून दुप्पट-तिप्पट खोड, आणि टोकाला कोबीच्या गड्ड्यासारखा पानांचा झुबका. या उंचीवर दिवसा ऊन भाजतं आणि रात्री पाणी गोठतं. हे दररोज, वर्षभर. म्हणून या झाडाची वाळलेली पानं गळत नाहीत. ती खोडाला लपेटून राहतात आणि आतलं पाणी गोठू देत नाहीत. संध्याकाळ झाली की वरची हिरवी पानं आत मिटतात आणि कोवळा कोंब झाकून घेतात.

सहारा म्हणजे नुसती वाळू ना?

वाळू साधारण चौथ्या हिश्श्यातच आहे. बाकी उघडा खडक, खडी आणि डोंगर. चाडमधल्या तिबेस्ती डोंगररांगेतला एमी कूसी हा ज्वालामुखी ३,४१५ मीटर उंच आहे.

आणि सहारा कायम कोरडा नव्हता. सुमारे ११ हजार ते ५ हजार वर्षांपूर्वी तिथे गवत होतं, तळी होती, पाणघोडे होते. अल्जीरियातल्या तासिली न'अज्जेरच्या खडकांवर माणसांनी रंगवलेले गाईगुरांचे कळप आजही दिसतात. कारण आकाशातलं होतं: पृथ्वीचा आस सुमारे २३ ते २६ हजार वर्षांत एक संथ गिरकी घेतो. तेव्हा उत्तर गोलार्धाच्या उन्हाळ्यात सूर्य जास्त तळपायचा, त्यामुळे पश्चिम आफ्रिकेचा मोसमी पाऊस बराच उत्तरेपर्यंत पोचायचा. आसाची दिशा बदलली तसा पाऊस मागे हटला.

त्या काळचं प्रचंड चाड सरोवर आटून जो तळ उघडा पडला, त्यातला बोदेले नावाचा सखल भाग आज जगातल्या सर्वांत धुळकट जागांपैकी एक आहे. तिथली धूळ वाऱ्यावर अटलांटिक ओलांडते. अ‍ॅमेझॉनच्या जंगलावर दरवर्षी पडणाऱ्या सहाराच्या धुळीतून अंदाजे २२ हजार टन फॉस्फरस मिळतो, असा हिशेब नासाच्या उपग्रहाच्या नोंदींवरून २०१५ साली मांडला गेला.

परीक्षेवाल्यांसाठी एक सूचना: लिबियातल्या अल अझिझियाचं १९२२ सालचं ५८ अंश सेल्सिअस हे 'जागतिक विक्रमी तापमान' जागतिक हवामान संघटनेने २०१२ साली रद्द केलं. जुनी गाइडं अजून तेच छापतात.

नाईल मोठी की काँगो?

लांबीत नाईल, सुमारे ६,६५० किलोमीटर. पाण्यात काँगोशी तिची बरोबरीच नाही. काँगो दर सेकंदाला सरासरी ४१ हजार घनमीटर पाणी समुद्रात टाकते, अ‍ॅमेझॉनखालोखाल. ती विषुववृत्त दोनदा ओलांडते, त्यामुळे तिच्या खोऱ्यात कुठे ना कुठे पावसाळा चालूच असतो आणि नदी फारशी उतरत नाही. खालच्या टप्प्यात तिची खोली २२० मीटरपेक्षा जास्त मोजली गेली आहे.

नाईलचं तसं नाही. श्वेत नाईल दक्षिण सुदानमधल्या सड्ड दलदलीत पसरते आणि निम्म्याच्या आसपास पाणी तिथेच वाफ होऊन जातं. इजिप्तला पोचणाऱ्या पाण्यापैकी चार पंचमांशांहून जास्त इथिओपियाच्या पठारावरून येतं, जून ते सप्टेंबरच्या पावसात. इजिप्तमध्ये पाऊस नसताना ऐन उन्हाळ्यात पूर का यायचा, हे जुन्या जगाला पडलेलं कोडं होतं. १९७० साली आस्वानचं मोठं धरण पूर्ण झाल्यावर तो पूर थांबला, आणि त्याबरोबर शेतात येणारा गाळही.

समुद्राला न मिळणारी नदी कोणती?

ओकावांगो. अंगोलाच्या डोंगरात पडलेला पाऊस बोत्स्वानाच्या सपाट वाळूत पसरतो आणि बहुतेक तिथेच वाफ होऊन किंवा झाडांतून उडून जातो. पाणी इतकं संथ सरकतं की ते पोचायला काही महिने लागतात. म्हणून पूर येतो तो जून ते ऑगस्टमध्ये, स्थानिक कोरड्या ऋतूत, आणि आसपासच्या रखरखाटातून प्राणी तिथे गोळा होतात.

नामिबच्या वाळवंटात पाऊस नाही, मग काही जगतं कसं?

धुक्यावर. किनाऱ्याजवळून बेंग्वेला हा थंड सागरी प्रवाह वाहतो. त्यावरची हवा थंड आणि जड होते, वर चढत नाही, म्हणून ढगातून पाऊस पडत नाही, पण पहाटे धुकं मात्र किलोमीटरच्या किलोमीटर आत शिरतं. अशा पहाटे एक काळा भुंगेरा वाळूच्या टेकडीच्या माथ्यावर चढतो, वाऱ्याकडे तोंड करतो, डोकं खाली आणि पार्श्वभाग वर करून स्थिर उभा राहतो. पाठीवर दहिवराचे थेंब जमतात, मोठे होतात आणि ओघळत थेट त्याच्या तोंडात येतात. वेल्विचिया नावाची तिथली वनस्पती जन्मभर दोनच पानं वाढवत राहते आणि ती पानं वाऱ्याने फाटून चिंध्या होतात. काही झाडांचं वय हजार वर्षांहून जास्त आहे.

टांझानियातल्या सेरेंगेटी या गवताळ प्रदेशाच्या दक्षिण भागात झाडं का नाहीत?

जमिनीखाली कडक थर आहे. शेजारच्या एन्गोरोन्गोरो डोंगराळ भागातल्या ज्वालामुखींची राख तिथे पसरली, त्यातला चुना पावसाने खाली उतरून घट्ट झाला. झाडांची मुळं तो थर फोडू शकत नाहीत. गवत मात्र आखूड असलं तरी कॅल्शियम आणि फॉस्फरसने कसदार. म्हणून तेरा-चौदा लाख विल्डबीस्टचे कळप विण्यासाठी जानेवारी ते मार्चमध्ये इथेच येतात. पुढे पाऊस सरकतो तसे तेही उत्तरेला सरकतात.

त्याच भागातला ओल दोइन्यो लेंगाई हा ज्वालामुखी जगावेगळा आहे. त्याचा लाव्हा ५०० ते ६०० अंशांचाच, नेहमीच्या लाव्हाच्या जेमतेम निम्मा. तो दिवसा काळ्या चिखलासारखा वाहताना दिसतो आणि हवेतल्या ओलाव्याने थोड्याच वेळात पांढरा पडतो.

आपल्या पावसाचा आफ्रिकेशी संबंध आहे म्हणतात, तो काय?

कोकणात जूनमध्ये येणारा वारा आधी आफ्रिकेचा किनारा घासून आलेला असतो. दक्षिण गोलार्धात, मॉरिशसच्या बाजूने निघालेला वारा केनियाजवळ विषुववृत्त ओलांडतो. समोर पूर्व आफ्रिकेची उंच भिंत असते. तिच्या कडेने अडत, पृथ्वीच्या फिरण्यामुळे उजवीकडे वळत तो साधारण दीड किलोमीटर उंचीवर एका वेगवान झोताच्या रूपात सोमालियाच्या किनाऱ्याने अरबी समुद्रात घुसतो, बाष्प गोळा करतो आणि सह्याद्रीवर येऊन आदळतो. फिंडलेटर या हवामानशास्त्रज्ञाने १९६०च्या दशकात त्याचं नीट वर्णन केलं. मोसमी पाऊस या डोंगरांमुळेच पडतो असं मात्र म्हणता येत नाही. तो जमीन आणि समुद्र यांच्या तापण्यातल्या फरकावर चालतो. डोंगर वाऱ्याला वाट आखून देतात.

सोमालिया विषुववृत्ताजवळ असून कोरडा का, याचंही उत्तर बरंचसं इथेच आहे. वारा किनाऱ्याला समांतर निघून जातो आणि जाताना समुद्राचं थंड पाणी वर उपसतो, त्यामुळे त्या किनाऱ्यावर ढग धरत नाहीत.

म्हणजे पक्षी-कीटकही याच वाटेने येतात?

चातक तर जगजाहीर उदाहरण. तो आफ्रिकेतून पावसाच्या वाऱ्यांबरोबर आपल्याकडे येतो. परतीच्या ईशान्य वाऱ्यांवर अमूर ससाणा भारतावरून अरबी समुद्र ओलांडून आफ्रिकेला जातो, लोणावळ्याच्या आसपासही पक्षीनिरीक्षकांना तो दिसतो. त्याच सुमारास भटका चतुर हा कीटक मालदीवमार्गे पूर्व आफ्रिकेकडे जातो असं मानलं जातं. नको असलेले पाहुणेही येतात. २०२०च्या मे महिन्यात अमरावती-नागपूरच्या शेतांवर उतरलेल्या टोळधाडीची साखळी अरबस्तान आणि पूर्व आफ्रिकेतल्या २०१८नंतरच्या वाढीपर्यंत जाते. वादळांनी वाळवंटात पाऊस पाडला आणि टोळांना अंडी घालायला ओली वाळू मिळाली.

आणि वसईपासून खाली कोकणात जुन्या बंदरांजवळ दिसणारी फुगीर बुंध्याची गोरखचिंच हीही आफ्रिकेचीच. व्यापाऱ्यांच्या गलबतांबरोबर ती आली असं सर्वसाधारणपणे मानतात. तिचं मोठं पांढरं फूल रात्री उमलतं आणि वटवाघळं त्याचं परागीभवन करतात.

मादागास्कर आफ्रिकेचा भाग आहे की भारताचा?

नकाशात आफ्रिकेचा, इतिहासात दोघांचा. सुमारे १६ कोटी वर्षांपूर्वी मादागास्कर आणि भारत मिळून आफ्रिकेपासून सुटले. ८.८ कोटी वर्षांपूर्वी भारत मादागास्करपासून वेगळा झाला. सेशेल्सची ग्रॅनाइटची बेटं आपल्या पश्चिम किनाऱ्याला चिकटलेली होती आणि दख्खनच्या लाव्हाच्या काळात ती मागे राहिली. एकटं पडल्यामुळे मादागास्करात लीमरसारखे प्राणी तयार झाले. गोरखचिंचेच्या जगातल्या आठ जातींपैकी सहा फक्त तिथल्या आहेत.

सफारीला कोणत्या महिन्यात जावं?

मुलांच्या मे महिन्याच्या सुट्टीत केनिया-टांझानिया टाळा. तिथे मार्च ते मे लांब पावसाळा असतो आणि गवत उंच असल्याने प्राणी दिसत नाहीत. जून ते ऑक्टोबर उत्तम. मे महिनाच सोयीचा असेल तर दक्षिणेकडे जा. तिथे पाऊस नोव्हेंबर ते मार्च असतो, आणि एप्रिल-मेमध्ये झांबेझी भरलेली असल्याने व्हिक्टोरिया धबधबा त्याच्या १,७०० मीटर रुंदीत सलग कोसळताना दिसतो. तुषार इतके उडतात की रेनकोट घालूनही माणूस भिजतो आणि कॅमेरा पिशवीतच ठेवावा लागतो. दिवाळीच्या सुट्टीत गेलात तर झांबियाच्या बाजूला बराचसा कोरडा कातळच बघायला मिळेल, तेव्हा झिम्बाब्वेच्या बाजूने बघा.